यशोदेची चाळीस सेकंदं

खरं सांगा, बाबली केळुसकर हे नाव तुम्ही चारचौघांत शेवटचं कधी उच्चारलंत?

नका आठवू. तुम्ही म्हणाल, कोण बाबली? शिरोड्यापासून आचऱ्यापर्यंत सगळे असंच म्हणतात आणि म्हणताना स्वतःच्या चपलेकडे बघत बसतात. १९९८ ते २००४, सहा वर्षं, ज्याची उडी बघायला तुम्ही टेम्पो करून जत्रेला येत होतात, ज्याने गुडघा टेकून तलवार तीनदा फिरवली की तुमच्या शिट्ट्यांनी देवळातली वटवाघळं उठायची, तो दशावतारातला राजा आता तुम्हाला माहीतच नाही. बरं. मग मी त्याची गोष्ट सांगत नाही. त्याची तेवढी लायकीही नाही. मी सांगते ती यशोदेची. ती तुम्हाला माहीत नसेल तर ते मी समजू शकते. तिच्यासाठी कोणी शिट्टी मारली नव्हती.

यशोदा आचऱ्याच्या बंदराजवळ राहते आणि मासे विकते. मालवणच्या बाजारात बायकांच्या बसायच्या जागेवरून भांडण लागलं होतं तेव्हा, २००० साली, मी तिला पहिल्यांदा बघितली. आम्ही संघटनेच्या बायका निवेदन लिहून घेऊन गेलो होतो. यशोदेने निवेदन वाचलं नाही. तिला वाचता येत नाही. ती सरळ आपली माशांची पाटी नगरपालिकेच्या साहेबाच्या दारात उतरवून बसली आणि बांगडे कापायला लागली. जागा दुपारपर्यंत मिळाली. निवेदन अजून माझ्या पिशवीत आहे.

तिची जीभ म्हणजे विळी. एक गुरुजी रोज यायचे, मासा दाबून बघायचे, कल्ले उघडून बघायचे आणि विचारायचे, "ताजे आहेत का नक्की?"

"गुरुजी, तुमच्या पोरांपरास ताजे," यशोदा म्हणायची. "ती बाकार बसान झोपतत. हेंचे डोळे अजून उघडे आसत."

तिचा नवरा गोव्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. कोणी सहानुभूती दाखवायला आलं की ती म्हणायची, "मेल्याचा तरी तेरावा घालूक गावता. ह्येचा काय घालू?" आणि हसायची. हसताना तोंडावर हात धरायची तो उलटा, मनगटाची मागची बाजू ओठांवर. तळव्याला माशांचा वास असतो ना. आमच्या सगळ्या बायकांची ही सवय. मुलीही बघून बघून तशाच हसायला शिकतात.

तिची मुलगी जानकी. एकुलती एक. तिला मात्र यशोदेने पाटी उचलू दिली नाही, शिवणाच्या क्लासला घातली. जानकीचा हात बारीक होता. मखमलीवर टिकल्या लावायची तर जवळ जाऊनही टाका दिसायचा नाही. त्या टाक्यांमुळेच दशावतार मंडळाच्या कपड्यांचं काम तिच्याकडे आलं, आणि कपड्यांमागून राजा आला. २००१ साली लग्न झालं. सगळी वाडी यशोदेच्या नशिबावर जळली. नाटकातला राजा जावई!

मंडळाचे मालक सहदेव. चांदीची साखळी, अत्तर, प्रत्येक वाक्याच्या शेवटी देवाचं नाव. हे मंडळ कुठलं ते मी लिहीत नाही. ज्यांनी त्यांना खेळाच्या सुपाऱ्या दिल्या त्यांना कळलं, बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

लग्नानंतर वर्षाच्या आत जानकी पहिल्यांदा परत आली. कानाची पाळी फाटलेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा एक हात वर होत नव्हता. दोन्ही वेळा सहदेव मालक स्वतः नारळ घेऊन समजूत काढायला आले.

"कलावंत माणूस तो, यशोदा. अंगात राजा शिरता, उतराक वेळ लागता."

"मगे तो राजा मालकाक कित्याक मारणा नाय?" यशोदेने विचारलं.

मालक हसले. सगळे हसले. आणि यशोदेने मुलीला परत पाठवलं. हे ती लपवत नाही. कोणी विचारलं नाही तरी सांगते, "मी धाडलंय. माझ्या ह्या हातांनी पिशी भरून धाडलंय."

२००४ च्या मार्गशीर्षात जानकी गेली. विहिरीत पाय घसरला, असं केळुसकरांनी सांगितलं. त्या दिवशी मंडळाची चार माणसं त्या घरी उतरली होती. यशोदेने मुलीला आंघोळ घालताना गळ्यावर बोटं बघितली. वळ नव्हे, बोटं, मोजता येतील अशी. तिने तशीच ओल्या लुगड्याने जाऊन फिर्याद दिली आणि पोलिसांनी बाबलीला नेलं.

आता इथून पुढे मंडळाने जे केलं ते बघा. मी आयुष्यात पुष्कळ लबाड माणसं बघितली आहेत, पण इतकी मेहनती लबाडी नाही.

कोणी बाबलीला शिवी दिली नाही. कोणी म्हटलं नाही की आमच्यातल्या एकाने बायको मारली आणि आम्ही त्याला मुकुट घालून मिरवत होतो. त्यांनी फक्त नाव घेणं बंद केलं. फलकावर त्याच्या तोंडावर नव्या राजाचं, गुरुप्रसादचं, तोंड चिकटवलं. अंग बाबलीचं, मान गुरुप्रसादची, त्यामुळे तो वर्षभर मान मोडल्यासारखा दिसत होता. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं, नट उभ्या उभ्या आपलं बोलतात, म्हणून मालकांना भीती की कोणाच्या तोंडून नाव निसटेल. दम दिला होता: नाव काढील तो दुसऱ्या दिवसापासून घरी. मग आपसात त्याला 'मधलो', म्हणजे दोन राजांच्या मधला, म्हणायला लागले. खेळाच्या सुरुवातीला पेटीवाला मंडळाची परंपरा सांगायचा. अमुक सालापासून अमुक राजा, मग तमुक राजा, आणि १९९८ ला येऊन एक मोठा सूर धरायचा तो २००४ ला सोडायचा. सहा वर्षं गादी रिकामी! राज्य कोण करत होतं? पेटीचा सूर.

पण उडी ठेवली. गुरुप्रसादला तीच उडी शिकवली, तोच गुडघा, त्याच तीन गिरक्या. आणि अंगरखाही तोच. जानकीने टिकल्या लावलेला. मखमल महाग असते, बायको नसते.

तुम्हीही तिथेच होतात. गुरुप्रसादने उडी मारली की तुम्ही एकमेकांकडे बघायचात आणि मग शिट्टी मारायचात. नाव नव्हतं घेत, इतके तुम्ही सज्जन.

आता त्या सीडीबद्दल. २००२ साली मंडळाने आपल्या गाजलेल्या युद्धांची एक व्हीसीडी काढली होती. तिच्या शेवटी, आरतीच्या जरा आधी, बाबलीचा सत्कार होता. मालक त्याला शाल देतात आणि मग जानकीला बोलावून तिची ओटी भरवतात. हिरवी साडी. कुठे बघावं कळत नाही म्हणून ती आधी पायांकडे बघते. मग पेटीवाला काहीतरी पुटपुटतो आणि ती हसते. मनगट उलटं करून, तोंडावर धरून. निकेतने घड्याळ लावून सांगितलं होतं, चाळीस सेकंदं.

निकेत म्हणजे मालवणच्या बाजारातला सीडीवाला. तेव्हा त्याने यशोदेला म्हटलं होतं, "काकी, एक प्रत घेवन ठेव." ती म्हणाली होती, "चेडू माझा जिता आसा. सीडी कित्याक? उद्या येतला, समोर बसान हसतला."

जानकी गेल्यावर तिला कळलं की आपल्याकडे मुलीचा एकही फोटो नाही. लग्नाचा अल्बम केळुसकरांच्या घरी. मागायला गेली तर म्हणाले, पोलिसांनी नेला. पोलीस म्हणाले, अल्बम आमच्याकडे आलाच नाही. शाळेतला एक फोटो होता तो पावसात भिंतीला चिकटून गेला. उरली ती सीडी, आणि ती तर मंडळाने दुकानादुकानांतून गोळा करून नेली होती.

२००८ मध्ये तीच सीडी पुन्हा बाजारात आली. यशोदा पाटी डोक्यावर घेऊनच निकेतच्या दुकानात शिरली. मी तिच्याबरोबर होते. निकेतने सीडी लावली.

राक्षस डावीकडून आला. दरडावला. तलवार उपसली. आणि उजवीकडे काही नाही. अर्धा पडदा काळा. तबला तापलाय, झांजा आपटतायत आणि राक्षस एकटाच हवेशी लढतोय. हवेने त्याच्यावर तीन वार केले. शेवटी कोणी मारलं नसताना बिचारा छाती धरून आडवा झाला. मला हसू आवरेना.

"ताई, टीव्हीवरच्या अमेरिकेच्या कुस्तीत पण असाच चालता," निकेत म्हणाला. "ती चड्डीतल्या पैलवानांची, ठरवन केलेली. थंय एक मोठो पैलवान घरात बायकोपोराक मारून बसलो. तेव्हापासून तेचा नाव घेणत नाय. जुने कुस्ते दाखवतत, पण तेचे सोडून. पट्टो कोणी जिंकलो तर कोणीच नाय."

"म्हणजे आमचो मालक अमेरिकेएवढो हुशार," मी म्हटलं.

यशोदा हसली नाही. युद्ध संपलं आणि सीडी थेट आरतीवर गेली.

"जानकी खंय?"

"कापली, काकी."

"तिना काय केल्यान?"

निकेतने टीव्ही बंद केला. काय सांगणार? तुम्ही सांगा. खुन्याचं तोंड झाकायचं म्हणून मेलेलीला पुसली. चारशे माणसांच्या जत्रेत एकालाही हे वेगळं करता आलं नाही, कारण वेगळं करायला नाव घ्यावं लागतं, आणि नाव घेतलं की तोंड उघडतं, आणि तोंड उघडलं की पुढचा प्रश्न येतो: त्या दिवशी त्या घरात तुम्ही चारजण काय करत होतात?

त्या चौघांनी कोर्टात सांगितलं, आम्ही झोपलो होतो. चौघेही. रात्रभर गळा फाडून ओरडणारी माणसं, दिवसाढवळ्या अशी झोपली की बाजूच्या खोलीतली किंकाळी कोणाला ऐकू आली नाही. पुरावा नाही म्हणून २००९ च्या उन्हाळ्यात बाबली सुटला.

आणि दिवाळीनंतर मंडळाचा नवा फलक लागला: 'रसिकांचा लाडका राजा परत येत आहे!' नाव नाही. तोंडही नाही. राजा पाठमोरा रंगवलेला! लोकांची परीक्षा घेत होते. कोणी बोंब मारली तर म्हणायचं, हा तो नव्हेच. कोणी नाही मारली तर वळवायचा.

बाजारात जाहिरातीची जीप फिरायला लागली, मागे टीव्ही लावलेला. त्यावर जुनी सीडी. पूर्ण! मालकांनी मूळ प्रत जपून ठेवली होती. उजवा अर्धा पडदा परत आला, उडी परत आली आणि सत्कारात जानकीही परत आली, कारण आता बाबली घरंदाज दिसायला हवा होता.

यशोदेने पाटी रस्त्यात उतरवली आणि जीपमागे चालत राहिली. बंदरापासून तिठ्यापर्यंत. ड्रायव्हरला म्हणाली, "माका ही सीडी दी." तो म्हणाला, मालकांक इचार.

ती मालकांकडे गेली. मला घेऊन गेली, पण म्हणाली, "तू बोला नको. तू बोललंस की भांडण होता." मी दात आवळून बसले.

"देतंय गो," सहदेव मालक म्हणाले. "देव बघता, मी कोणाचा वाईट करूचंय नाय. सीडी देतंय, वर जानकीचो मोठो फोटो काढून फ्रेम करून देतंय. एकच. यंदा तुझ्या माहेरच्या गावात जत्रेक तो पयल्यांदा उभो रवतलो. तू पुढे येवन बस. काय बोला नको. नुसती बस. लोक बघतीत, आवशीनच माफ केल्यान तर आमी कोण?"

यशोदेने दोन्ही हात पसरून माप धरलं.

"फ्रेम मोठी?"

"ही एवढी."

"बरा. येतंय."

वाटेत मी तिला नाही नाही ते बोलले. शेवटी ती म्हणाली, "मी येतंय म्हटलंय. बसतंय म्हणाक नाय."

जत्रेच्या दिवशी आमच्याकडे संध्याकाळी देवळात गाऱ्हाणं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. कोणाचं दुखलंखुपलं असेल त्याने नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालणाऱ्याने त्याचे शब्द तसेच्या तसे देवाच्या कानावर घालायचे आणि गावाने प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. माहेरवाशिणीचा नारळ परत पाठवत नाहीत. तिथे भिकाजी म्हणून ऐंशीचे म्हातारे गाऱ्हाणं घालतात. पन्नासेक नारळ झाले होते. कोणाची म्हैस, कोणाच्या मुलाची मुंबईची नोकरी. लोकांचं लक्ष गूळ लावलेल्या खाज्याच्या दुकानांकडे, तोंडाने 'व्हय म्हाराजा' आपोआप निघत होतं. तुम्ही कधी ऐकून 'व्हय' म्हटलंय? मीही नाही.

यशोदेने नारळ ठेवला. ती हळू सांगत होती, भिकाजी मोठ्याने.

"बा म्हाराजा, ही तुझी माहेरवाशीण यशोदा, हिच्या पाटीक बरकत दी!"

"व्हय म्हाराजा!"

"हिचा चेडू जानकी, पाच वर्सांमागे घोवाच्या घरात गेला!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या गळ्यार बाबली केळुसकाराची बोटां होती, ती हिना आंघोळ घालताना बघितल्यान!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्या गावाने म्हटलं. दणक्यात. आणि मग गावाला ऐकू आलं आपण काय म्हटलं ते. खाजं घेतलेले हात तिथेच थांबले. पाच वर्षं पेटीच्या सुराखाली पुरलेलं नाव देवाच्या पायरीवर येऊन बसलं होतं, आणि वर गावाचा होकार. मानकरी एकमेकांकडे बघायला लागले. सहदेव मालक मागून पुढे घुसायला बघत होते, "अरे, ह्या काय... देवाच्या दारात..."

भिकाजींनी यशोदेकडे बघितलं. तिने पुढचं सांगितलं. म्हातारा थांबला. मला वाटलं, हाही झोपणार. पण त्याने टोपी सारखी केली.

"तो बाबली आज तुझ्या दारात राजा होवन उभो रवता, म्हाराजा! तेका आधी तुझ्या पायरेर उभो कर, आणि तेच्या तोंडान सांगूक लाव, माझ्या चेडवाचा काय झाला!"

या वेळी गाव गप्प. मग बायकांच्या बाजूने चार-पाच आवाज आले. "व्हय म्हाराजा." त्यातला एक माझा.

देवासमोर होय म्हटलेलं मागे घेता येत नाही. मानकऱ्यांनी मालकांना निरोप दिला: आधी पायरी, मग मुकुट. बाबली रंगपटात अर्धं तोंड रंगवून बसला होता. त्याच्यासारख्या शूराला पायऱ्या किती चढायच्या होत्या? सात. तो मागच्या दाराने, अर्ध्या रंगासह, रिक्षात बसून गेला. त्याला ताप आल्याचं जाहीर झालं. नाव न घेता, अर्थात. 'राजाला' ताप आला.

नंतर दुसऱ्या गावांनीही विचारायला सुरुवात केली, पायरी चढणार काय? पाठमोरा फलक पुन्हा रंगवून टाकला. आणि मालकांनी आपलं जुनं काम पुन्हा केलं. जीप गेली, टीव्ही गेला. निरोप आला: "सांगा तिका, सीडी फोडलंय. मूळ प्रत पण." फ्रेमचं तर विचारूच नका.

यशोदा मासे कापत होती. म्हणाली, "फोडूंदे. माका ठावक होता." विळी थांबली नाही. नाव आणि चेहरा यातलं एकच मिळणार आहे हे तिला मालकांच्या घरातून उठतानाच कळलं होतं, आणि तिने नाव घेतलं. तुमच्यात आहे हिंमत?

पण चार दिवसांनी तिने मला विचारलं, "पयली सीडी कितके जणांनी घेतलेली गो? सगळ्यांनी थोडीच परत दिली असतीत?"

म्हणून हे लिहिलं. नाहीतर तुमच्याशी बोलायला मला वेळ नाही.

आता उठा आणि कपाट उघडा. आरत्यांच्या, लग्नांच्या सीड्यांखाली बघा. कव्हर लाल, २००२ सालचं, वर तलवार घेतलेला राजा. तुम्ही तिला शिट्ट्या मारल्या होत्यात, फेकली नसणार. बांद्यापासून देवगडापर्यंत कोणाकडेही असेल तर ती आचऱ्याच्या बंदरावर यशोदेला नेऊन द्या, नाहीतर मालवणच्या बाजारात निकेतच्या दुकानात ठेवा. ओरखडे असले तरी चालतील. तुमचं नाव कोणी विचारणार नाही. राजा हवा असेल तर तुमच्याकडेच ठेवा. आम्हाला फक्त शेवटची चाळीस सेकंदं द्या. हिरव्या साडीतली, उलट्या मनगटाने हसणारी.